पोटातली 'गाठ' म्हणजे नेमके काय? अंडाशयातील सिस्ट आणि ओटीपोटातील गाठींविषयी

बेळगावातल्या कुठल्याही स्कॅनिंग सेंटरबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसले, की 'गाठ' हा शब्द निदान चार वेळा कानांवर पडतो. आपल्या भागात सोनोग्राफी हा शब्द फारसा चालत नाही, सगळे 'स्कॅनिंग'च म्हणतात. रिपोर्ट इंग्रजीत लिहिलेला असतो, तपासणाऱ्या डॉक्टर पुष्कळदा कन्नडमध्ये 'गड्डे' म्हणतात आणि घरी आल्यावर सासूबाईंना, जावेला, शेजारणीला सांगताना त्याची मराठीत 'गाठ' होते. ज्या कन्नडमध्ये बटाट्याला 'आलूगड्डे' म्हणतात त्याच कन्नडमधला हा शब्द. त्यात बटाटाही मावतो आणि कर्करोगाची गाठही मावते. मराठीतली 'गाठ'सुद्धा तेवढीच ऐसपैस आहे. त्यामुळे होते असे, की तीन सेंटिमीटरच्या पाण्याच्या फुग्यासाठी एखादी पंचविशीतली मुलगी रात्र रात्र जागून काढते, आणि जिच्यासाठी धावाधाव करायला हवी होती ती गाठ 'वाताचा गोळा' म्हणून ओवा आणि सोड्यावर सहा महिने पोटात वाढत राहते.

ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळली. माझी आत्या खानापूर तालुक्यात नंदगडजवळच्या एका गावात राहते. वयाच्या ५८ व्या वर्षी तिचे पोट फुगल्यासारखे वाटू लागले. "पोटात कायतरी फिरुलालंय बघ," असे ती म्हणायची, परकराची नाडी सैल बांधायची, दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायची आणि रात्री तीन-तीनदा लघवीला उठायची. जवळच्या एका दवाखान्यात तिला पाच महिने गॅसच्या गोळ्या मिळाल्या. त्या पाच महिन्यांत तिला झोपवून, पोटावर हात ठेवून कोणी तपासले नाही. तिच्या गाठीचे पुढे काय झाले ते ओघात येईलच. त्याआधी ओटीपोटाच्या आत काय काय असते ते पाहू.

आपल्याकडे 'पिशवी' म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका आणि तिच्या टोकाशी एकेक अंडाशय असते. अंडाशय केवढे, तर टरफलासकट काजूच्या बीएवढे, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर लांब. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यातल्या वाचकांना याहून वेगळे मोजमाप सांगायला नको. पुढच्या बाजूला मूत्राशय, मागच्या बाजूला गुदाशय, आजूबाजूला आतड्यांची वेटोळी. एवढ्या दाटीवाटीच्या जागेत हाताला काही फुगीर लागले, तर ते यांपैकी कशाचेही असू शकते. म्हणून 'पिशवीला गाठ आहे' आणि 'अंडाशयाला गाठ आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि रिपोर्ट घेऊन बाहेर पडण्यापूर्वी त्यांतले आपले वाक्य कोणते, हे विचारून घेणे फार महत्त्वाचे आहे. बेळगावात कितीतरी जणी सिस्टला 'पिशवीची गाठ' म्हणतात आणि मग 'पिशवी काढून टाका' या सल्ल्याला त्यांची मनोमन संमती आधीच तयार असते.

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेला फुगा. अंडाशयात असा फुगा तयार होणे हा रोग आहे असे धरून चालण्याचे कारण नाही, कारण पाळी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एक फुगा तयार होतोच. पाळीनंतर अंडाशयातली काही बीजपुटके, म्हणजे बीज असलेले बारीक फुगे, वाढू लागतात, त्यांतले एक सर्वांच्या पुढे जाते, पाळीच्या मध्यावर २ सेंटिमीटर किंवा थोडे अधिक मोठे होते, फुटते आणि त्यातून बीज बाहेर पडते. उरलेल्या रिकाम्या कोशाचा पिवळसर पिंड बनतो, तो पुढचे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो आणि गर्भ राहिला नाही तर आक्रसून जातो. आता समजा, पाळीच्या बाराव्या दिवशी कोणी दुसऱ्याच कारणासाठी स्कॅनिंग केले, तर अंडाशयात २ सेंटिमीटरच्या आसपासचे पाणी बहुधा दिसणारच.

कधी कधी हे पुटक ठरल्या वेळी फुटत नाही आणि तसेच वाढत ३, ४, ५ सेंटिमीटरपर्यंत जाते. कधी मागे राहिलेल्या पिवळ्या पिंडात पाणी साचते, तर कधी त्यात रक्तस्राव होऊन तो रक्ताने भरतो. या सगळ्यांना मिळून 'फंक्शनल सिस्ट' म्हणतात, म्हणजे अंडाशयाच्या रोजच्या कामातूनच निर्माण झालेले फुगे. तरुण स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या सिस्टपैकी बहुतेक याच जातीचे असतात आणि दोन-तीन पाळ्यांत ते आपोआप जिरतात. यावर उपाय एकच, गरज वाटली तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा स्कॅनिंग करणे, आणि तेही शक्यतो पाळी संपता संपता, म्हणजे नव्या महिन्याचे नवे पुटक जुन्या सिस्टसारखे दिसून घोटाळा होत नाही. सिस्ट 'विरघळवण्यासाठी' गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पण त्या गोळ्यांनी असलेला फंक्शनल सिस्ट लवकर जिरतो असे अभ्यासांत दिसलेले नाही; तो गोळ्यांशिवायही तेवढ्याच काळात जातो. नवे सिस्ट वारंवार होऊ नयेत म्हणून गोळ्या देणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिला अर्थ आहे.

आता रिपोर्ट हातात घेऊ. तो इंग्रजीत असला तरी त्यातले पाच-सहा शब्द ओळखता आले, तर निम्मी भीती जागच्या जागी बसते. पहिला शब्द बाजूचा: 'राइट' म्हणजे उजवे, 'लेफ्ट' म्हणजे डावे, 'बायलॅटरल' म्हणजे दोन्हीकडे. नंतर तीन आकडे गुणिले चिन्हाने जोडलेले असतात, ती गाठीची लांबी, रुंदी आणि जाडी. काही रिपोर्टांत ती मिलिमीटरमध्ये असते, त्यामुळे '४२' वाचून घाबरू नये, ते ४.२ सेंटिमीटर आहेत. 'सिंपल' किंवा 'अनएकोइक' असे लिहिले असेल, तर आत केवळ स्वच्छ पाणी आहे आणि भिंत पातळ आहे. ही सर्वांत दिलासा देणारी नोंद होय. 'सेप्टा' म्हणजे आतले पडदे. पातळ असे एक-दोन पडदे असणे बहुधा निरुपद्रवी असते, जाड आणि पुष्कळ पडदे असतील तर अधिक तपास लागतो. 'सॉलिड कंपोनंट' म्हणजे पाण्याच्या फुग्यातला भरीव भाग आणि 'पॅपिलरी प्रोजेक्शन' म्हणजे आतल्या भिंतीवर उगवलेले कोंबासारखे उंचवटे. हे दोन शब्द, विशेषतः त्यांच्या पुढे 'व्हॅस्क्युलॅरिटी' म्हणजे रक्तप्रवाह दिसल्याची नोंद असेल, तर ते गांभीर्याने घ्यायचे. शेवटी 'असायटिस' असे आहे का ते पाहावे. त्याचा अर्थ पोटाच्या पोकळीत पाणी साचले आहे. 'फ्री फ्लुइड, मिनिमल' असा उल्लेख मात्र तरुण स्त्रीच्या रिपोर्टात नेहमीच सापडतो आणि बीज फुटल्यावर सांडलेल्या थोड्या द्रवापलीकडे त्याचा बहुधा काही अर्थ नसतो.

पाळी चालू असलेल्या स्त्रीला ५ सेंटिमीटरपर्यंतचा साधा पाण्याचा सिस्ट असेल आणि तक्रार काही नसेल, तर सहसा पुढे काहीच करावे लागत नाही. ५ ते ७ सेंटिमीटरच्या साध्या सिस्टवर वर्षाकाठी एकदा स्कॅनिंग करून लक्ष ठेवतात, आणि त्याहून मोठा असेल तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात, कारण फार मोठ्या सिस्टचा प्रत्येक कोपरा स्कॅनिंगमध्ये नीट दिसत नाही. आकडा महत्त्वाचा आहे, पण आत काय आहे ते आकड्याहून महत्त्वाचे आहे: ८ सेंटिमीटरच्या स्वच्छ पाण्यापेक्षा ४ सेंटिमीटरची कोंब असलेली गाठ जास्त काळजीची असते.

फंक्शनल सिस्टखेरीज आणखी काही जाती अशा आहेत की ज्या आपोआप जिरत नाहीत. डर्मॉइड ही त्यांतली सर्वांत चमत्कारिक. अंडाशयातल्या बीजपेशींमध्ये शरीरातले सर्व प्रकारचे भाग घडवण्याची क्षमता असते. त्यांतली एखादी पेशी गर्भ न राहताच स्वतःहून वाढू लागली, की त्या गाठीत केस, तुपासारखी घट्ट चरबी, कधी कधी हाड आणि चक्क दात सापडतात. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांना ही गाठ दाखवली की घरात करणी-भानामतीच्या गोष्टी सुरू होतात आणि कुमारिकेच्या बाबतीत तर तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात. याचा शरीरसंबंधाशी, गर्भाशी किंवा बाहेरच्या कशाशीही काहीही संबंध नाही, हे मी येथे मुद्दाम ठासून लिहीत आहे. डर्मॉइड अगदी सावकाश वाढतो, सुमारे १० टक्के स्त्रियांत दोन्ही बाजूंना असतो आणि बहुतांशी निरुपद्रवी असतो. त्याचा खरा धोका अंडाशयाला पीळ पडण्याचा असतो, त्याविषयी पुढे येईल.

एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. अंडाशयावर रुजल्या तर दर पाळीला तिथेही थोडे रक्त सुटते, ते बाहेर पडू शकत नाही, साचून साचून काळपट तपकिरी आणि दाट होते. वितळलेल्या चॉकलेटसारख्या या रंगामुळे त्याला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. यातल्या स्त्रीला पाळीत विलक्षण वेदना होतात, संबंधाच्या वेळी खोल दुखते आणि मूल राहण्यात अडचण येऊ शकते. 'पाळीत सगळ्यांनाच दुखते, तुझे काय वेगळे,' असे म्हणून घरोघरी ज्या मुलींना गप्प केले जाते, त्यांतल्या काहींचे दुखणे हे असते. हा सिस्ट शस्त्रक्रियेने खरवडून काढताना अंडाशयातली निरोगी बीजेही थोडी कमी होतात, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेपूर्वी त्याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.

सिस्टॅडेनोमा ही अंडाशयाच्या वरच्या आवरणातून निघणारी साधी गाठ असते. सीरस प्रकारात पातळ पाणी असते, म्युसिनस प्रकारात शेंबडासारखा चिकट द्रव आणि अनेक कप्पे असतात. हा दुसरा प्रकार अफाट वाढू शकतो. नऊ महिन्यांच्या पोटाएवढे पोट झालेल्या स्त्रिया येतात त्या बहुधा याच्यामुळे.

येथेच पीसीओडीचा (पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीज) गैरसमज दूर केलेला बरा, कारण कॉलेजातल्या कितीतरी मुली 'मला अंडाशयात गाठी आहेत' असे सांगताना दिसतात. पीसीओडीमध्ये अंडाशयात जे काळे ठिपके माळेसारखे दिसतात, ती २ ते ९ मिलिमीटरची अर्धवट वाढून थांबलेली बीजपुटके असतात. त्या गाठी नव्हेत, त्या काढायच्या नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही. हा संप्रेरकांचा आणि इन्सुलिनचा बिघाड आहे आणि त्याचे उपचार वेगळ्याच वाटेने जातात.

आता अंडाशयाच्या बाहेरच्या गाठी. सर्वांत जास्त आढळतो तो फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची भरीव, टणक गाठ. त्यात पाळीला अंगावरून फार जाते, रक्ताच्या गुठळ्या पडतात, रक्त कमी होऊन दम लागतो. पाळी गेल्यावर ती सहसा आक्रसते. नलिकेत पाणी साचून ती फुगते त्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात, आणि आपल्या देशात त्यामागे जुना संसर्ग किंवा क्षयरोग असण्याची शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी लागते. नलिका-अंडाशयात पू झाला असेल तर ताप, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे आणि दोन्ही बाजूंना दुखणे असते. तेरा-चौदा वर्षांच्या ज्या मुलीला अजून पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला चार दिवस पोट दुखते आणि ओटीपोटात गोळा लागतो, तिच्या योनीमार्गाचा पडदा जन्मतः बंद असून आत महिन्यामागून महिने रक्त साचत असू शकते. छोट्या शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरे होते. म्हाताऱ्या बाईच्या पोटातला मोठा गोळा कधी कधी केवळ तुंबलेले मूत्राशय असते आणि लघवीची नळी घालताच नाहीसा होतो.

एक गाठ मात्र वेगळी सांगायला हवी, कारण ती काही तासांत जीव घेऊ शकते. गर्भ पिशवीत न रुजता नलिकेत रुजला, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली, एका बाजूला कळ, चक्कर, अंगाला घाम, खांद्यात दुखणे ही त्याची चिन्हे आहेत. 'माझे तर ऑपरेशन झाले आहे' म्हणून ही शक्यता बाद करू नये, कारण कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित गर्भ राहिलाच, तर तो नलिकेत रुजण्याचा संभव अधिक असतो. पाळीच्या वयातल्या कोणत्याही स्त्रीचे पोट अचानक दुखू लागले, तर सर्वांत आधी लघवीवर गर्भाची चाचणी करावी, मग ती विवाहित असो वा अविवाहित.

अचानक दुखण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे पीळ. अंडाशय हे देठावर लोंबणाऱ्या फळासारखे असते आणि त्याच्या रक्तवाहिन्या त्या देठातून जातात. गाठीने ते जड झाले, की एखाद्या हालचालीत स्वतःभोवती फिरते, देठ पिळला जातो आणि रक्तपुरवठा तुटतो. धुणे पिळताना किंवा डोक्यावरचा भारा उतरवताना एकाएकी ओटीपोटाच्या एका बाजूला, बहुधा उजवीकडे, असह्य कळ येते आणि तिच्या पाठोपाठ उलटी होते. कधी पीळ थोडा सुटतो, दुखणे ओसरते आणि तासाभराने पुन्हा उसळते. हे ओसरणेच फसवे असते. अपेंडिक्स, मुतखडा किंवा पित्त समजून वेळ जातो. येथे वेळ तासांत मोजायची असते. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळ्यातल्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना सकाळपर्यंत वाट पाहण्याचा मोह का होतो तेही ठाऊक आहे. तरीही हा मोह आवरून १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. शस्त्रक्रियेत पीळ सोडवला की अंडाशय काळेनिळे दिसत असले तरी पुष्कळदा पुन्हा जगते, म्हणून तरुण मुलीचे अंडाशय केवळ रंगावरून काढून टाकू नये, असे आता मानले जाते. स्कॅनिंगमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच, असेही म्हणता येत नाही.

सिस्ट फुटल्यासही अशीच कळ येते, बहुधा अंगमेहनतीनंतर किंवा संबंधानंतर. बहुतेक वेळा ती वेदनाशामकाने आणि विश्रांतीने दिवस-दोन दिवसांत शमते. पण चक्कर येत असेल, नाडी जलद असेल किंवा पोट ताठ होत असेल तर आत रक्तस्राव चालू आहे असे समजून लगेच रुग्णालय गाठावे.

उरली ती हळूहळू येणारी लक्षणे. खरे म्हणजे पुष्कळ सिस्ट एकही लक्षण देत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनिंगमध्ये सापडतात. जे जाणवतात ते ओटीपोटात जडपणा, पाळीत फरक, लघवीची घाई, शौचाला त्रास अशा रूपाने जाणवतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत चार तक्रारी मी ठळकपणे लिहू इच्छिते: पोट सतत फुगणे, थोडे खाऊन पोट भरणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवीला लागणे. यांतली कोणतीही तक्रार नव्याने सुरू झाली असेल आणि महिन्यातले बाराहून अधिक दिवस राहत असेल, तर ती गॅसची आहे असे गृहीत धरू नये. अंडाशयाचा कर्करोग 'मुका' असतो असे म्हणण्याची रीत आहे. तो मुका नसतो, पोटाच्या साध्या तक्रारींच्या भाषेत बोलतो आणि म्हणून त्याचे ऐकले जात नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, पोट वाढत असताना हातपाय वाळणे, आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असणे, या गोष्टींनी संशय वाढतो. भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या पाठोपाठ अंडाशयाच्या कर्करोगाचा तिसरा क्रमांक लागतो. गर्भाशयमुखासाठी जशी पॅप स्मिअरची चाचणी आहे, तशी निरोगी स्त्रीला आगाऊ सावध करणारी चाचणी याच्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आलेल्या मोठ्या अभ्यासात दर वर्षी रक्ततपासणी किंवा स्कॅनिंग करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे लक्षणांकडे लक्ष देणे, एवढाच मार्ग आज हातात आहे.

अंडाशयाच्या कर्करोगाच्या शंकेपोटी 'सीए १२५' ही रक्ततपासणी सर्रास लिहून दिली जाते. तिची मर्यादा ३५ युनिट मानतात. पाळी चालू असताना, गर्भारपणात, फायब्रॉइडमध्ये, चॉकलेट सिस्टमध्ये हा आकडा कर्करोग नसतानाही वाढतो, आणि पोटाच्या क्षयरोगात तर तो शेकड्यांत जातो. क्षयरोगात पोटात पाणी, गाठ, वजन घटणे आणि वाढलेला सीए १२५ असे चित्र हुबेहूब कर्करोगासारखे उभे राहते. म्हणून केवळ या आकड्यावरून 'कॅन्सर आहे' असे कोणी म्हणत असेल, तर पोटातल्या पाण्याची आणि ऊतींची तपासणी झाल्याशिवाय ते स्वीकारू नये. उलट, सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगात हा आकडा अनेकदा साधाच असतो. मुली आणि तरुणींमधल्या भरीव गाठींसाठी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या वेगळ्या रक्ततपासण्या असतात. त्या वयातले बीजपेशींचे कर्करोग औषधांना चांगले दाद देतात आणि बहुधा दुसरे अंडाशय व पिशवी राखता येते.

डॉक्टर हे सगळे एकत्र कसे तोलतात, याचा एक सोपा गुणाकार आहे. अनेक कप्पे, भरीव भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा, या पाचांपैकी स्कॅनिंगमध्ये एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. या दोहोंना सीए १२५ च्या आकड्याने गुणायचे. उत्तर २०० च्या वर गेले तर कर्करोगतज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडे जाणे श्रेयस्कर. आत्याचे स्कॅनिंग शेवटी बेळगावात झाले तेव्हा डाव्या अंडाशयात ११ सेंटिमीटरची अनेक कप्प्यांची गाठ निघाली, भरीव भाग नव्हता, पोटात पाणी नव्हते आणि सीए १२५ होता २४. म्हणजे १ गुणिले ३ गुणिले २४, उत्तर ७२. याच गाठीबरोबर पोटात पाणी असते आणि सीए १२५ चा आकडा १८० असता, तर उत्तर १६२० आले असते. दोन्ही रिपोर्टांची मराठी 'मोठी गाठ' एवढीच झाली असती. त्या दिवशी स्कॅनिंगच्या खोलीबाहेर आत्याने माझा हात धरून "पिशवी काढतील काय ग?" एवढेच विचारले होते. तिची पिशवी निरोगी होती.

पिशवीचा हा प्रश्न आपल्या भागात फार खोल गेलेला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर दर हंगामात बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्या बीड जिल्ह्यात महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा खाडा परवडत नाही, पांढरे जाते, कोणीतरी 'गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालते आणि तिशी-पस्तिशीत पिशवी जाते, पुष्कळदा अंडाशयांसह. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये काढली, तर एका रात्रीत पाळी बंद होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयातल्या साध्या सिस्टसाठी पिशवी काढण्याचे काहीच कारण नाही. तरुण स्त्रीत शक्य असेल तिथे दुर्बिणीने केवळ सिस्ट सोलून काढून अंडाशय राखतात. कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर काय काढणार, काय ठेवणार, आणि न केल्यास काय होईल, हे तीन प्रश्न विचारावेत. तातडीची स्थिती नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नये, कारण ती कर्करोगाची निघाली तर आतला द्रव पोटात सांडून रोगाची पायरी वाढते.

खर्चाच्या बाबतीत, बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. तातडी नसेल तर आधी सरकारी रुग्णालयात दाखवून तिथून रेफरलचे पत्र घ्यावे लागते. ते न घेता थेट खासगी रुग्णालयात गेलेले पुष्कळ लोक ऐनवेळी खिशातले पैसे भरतात.

आत्याची पाळी जाऊन सहा वर्षे झालेली असल्यामुळे तिची दोन्ही अंडाशये आणि नलिका काढल्या. नलिका यासाठी, की अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे पुष्कळसे कर्करोग मुळात नलिकेच्या टोकाशी सुरू होतात, असे अलीकडे ध्यानात आले आहे. गाठ न फोडता अखंड बाहेर काढली आणि तपासणीला पाठवली. शेवटचा शब्द या तपासणीचा असतो, स्कॅनिंगचा नव्हे, त्यामुळे तो रिपोर्ट आणायला विसरू नये. शस्त्रक्रिया झाली, दुखणे गेले, म्हणून कित्येक घरांतून तो कोणी आणायला जातच नाही. आमचा रिपोर्ट अकराव्या दिवशी मिळाला. म्युसिनस सिस्टॅडेनोमा, कर्करोगाच्या पेशी नाहीत. आत्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, त्याच्या दोन झेरॉक्स काढायला लावल्या आणि मूळ कागद रेशनकार्डाच्या पिशवीत, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला.